टायर वेडावाकडा घासतोय? दुचाकीचा टायर आणि त्याची बदली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली माणसं टायरबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलेत. काही दुकानात येऊन विचारलेले आहेत, काही फोटोसकट फोनवर आलेले. मी टायर बसवायचं काम करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: टायर उगाच वाकडा घासत नाही. हवा, शॉकअप, कोनसेट (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते), चाकाची लाइन, गाडीवरचं वजन, यांत कुठेतरी खोट असते आणि ती टायरवर उमटते. म्हणून जुना टायर भंगारात टाकायच्या आधी तो नीट बघा. खोट तशीच ठेवली तर नवा टायरही त्याच वाटेने जातो.

१. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, बाजूची नक्षी मात्र नवीकोरी आहे. असं का?

रोज सरळ रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं लक्षण आहे. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीला हायवेने जाणाऱ्यांचे मागचे टायर बहुतेक असेच येतात. गाडी सरळ चालते, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकावर आणि तोही मधल्या पट्ट्यावर. थोडी झीज तशी होणारच.

पण मधला पट्टा लवकर गेला असेल तर हवा जास्त भरली जातेय का बघा. हवा जास्त झाली की टायर फुगून मधोमधच टेकतो. गोल टायर असा चौकोनी झाला की त्याचा त्रास वळणावर कळतो. तवंदी घाटात गाडी कलताना ती हळूहळू न कलता कडेवरून एकदम पडल्यासारखी झुकते. असं वाटायला लागलं की बाजूची नक्षी कितीही चांगली असो, टायर बदला.

२. पंपावाला ३० मार म्हणतोय, पंक्चरवाला ३५. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नको, गाडीचं ऐका. चेनकव्हरवर किंवा मागच्या चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) हवेच्या आकड्यांचं स्टिकर असतं. स्टिकर गेलं असेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ते आकडे सापडतात. एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस बसवल्यावर वेगळा, असे मागच्या चाकाचे दोन आकडे दिलेले असतात. बहुतेक जण दुसरा बघतच नाहीत.

टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हवा भरायचा नसतो. तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसतो ते सांगतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. उन्हात पन्नास किलोमीटर चालवून आलात तर काटा दोन-चार आकडे जास्तच दाखवणार. तो बघून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर चालवता. हवेचे हे आकडे पीएसआयमध्ये असतात, काही जुन्या यंत्रांवर त्याऐवजी किलो असतात. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. आठवड्यातून एकदा तपासायची सवय लावली तर या पानावरचे निम्मे प्रश्न पडणार नाहीत.

३. टायर दोन्ही कडांना घासलाय, मध्ये नक्षी आहे. हे उलटं कसं?

हवा कमी. टायर बसतो, कडा रस्त्याला लागतात, भिंती सतत दुमडतात आणि टायर तापतो. मायलेज पडतं, खड्ड्यात रिम वाकते. रोज घाटातून जाणाऱ्यांच्या कडा हवा बरोबर असूनही थोड्या जास्त घासतात. ते वळणांमुळे होतं, त्यात दोष नाही.

४. पुढच्या टायरवर हात फिरवला की करवतीसारखं लागतंय, आणि गाडी घों-घों आवाज करते. टायर खराब निघाला का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दरवेळी टायरला दोष दिला जातो आणि बहुतेक वेळा टायर निर्दोष असतो.

आधी दोन प्रकार वेगळे करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागलं, तर ती करवत. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि एक कड खाली झालेली असते. पुढच्या चाकावर ब्रेकचा ताण येतो, त्यामुळे थोडी करवत प्रत्येक गाडीला येते. ती फारच धारदार असेल तर हवा कमी आहे किंवा ब्रेक शेवटच्या क्षणी जोरात दाबायची सवय आहे.

दुसरा प्रकार म्हणजे खळगे. चाक हळू फिरवून बाजूने बघा. चार-चार बोटांवर टायर बसल्यासारखा दिसतो, पुन्हा वर येतो, पुन्हा बसतो. म्हणजे चाक रस्त्याला चिकटून न चालता उड्या मारत चाललंय. त्याची कारणं या क्रमाने तपासा:

हवा (प्रश्न २). मग शॉकअप: पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा आणि सोडा. पुढचा भाग एकदा वर येऊन थांबायला हवा. दोन-तीनदा डोलला तर फोर्कमधलं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाइपांमधलं) ऑइल पातळ झालंय किंवा कमी आहे. पाइपावर तेलाचा ओला गोल दिसला तर सील गेलंय. मग कोनसेट: पुढचं चाक उचललेलं ठेवून फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे हलवा. ‘टक टक’ लागलं तर कोनसेट ढिला आहे. आता हँडल एका बोटाने सावकाश डावी-उजवीकडे न्या. बरोबर मध्ये अडकल्यासारखं झालं तर गोट्यांनी वाटीत खाचा पाडल्यात. तो नुसता आवळून भागत नाही, बदलावा लागतो.

हे मी माझ्याच गाडीवर पैसे घालवून शिकलो. पुढच्या टायरला खळगे पडले म्हणून कोनसेट न बघता नवा टायर घातला. एका पावसाळ्यात त्यालाही त्याच अंतरावर तसेच खळगे. तेव्हापासून खळगे पडलेला टायर आला की टायर उतरवायच्या आधी मी हँडल हलवून बघतो.

पडलेले खळगे मात्र भरून येत नाहीत. दुरुस्तीनंतर ते वाढायचे थांबतात, आवाज टायर बदलेपर्यंत राहतो.

५. टायरची उजवीच बाजू जास्त घासते. चाक वाकडं आहे का?

फरक थोडा असेल तर नाही. आपण डावीकडून चालतो, आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. गाडी सरळ उभी, खालचा रस्ता डावीकडे उतरता. त्यामुळे टायर मध्याच्या किंचित उजवीकडे टेकतो. शिवाय उजवं वळण आपल्याला बाहेरून घ्यावं लागतं, म्हणून त्या बाजूला कललेलं अंतर जास्त भरतं. तेव्हा उजवी बाजू जराशी जास्त जाणं नैसर्गिक आहे.

डावी बाजू जास्त गेली असेल किंवा उजवी अगदी गोटा होऊन डावी नवी राहिली असेल, तर मात्र चाकाची लाइन बघा (प्रश्न ६). रोज एकाच बाजूला जड पिशवी किंवा कॅन लटकवत असाल तर तेही कारण असू शकतं.

६. चाकाची लाइन घरी तपासता येते का? त्यासाठी मशिन लागतं म्हणतात.

सुतळी पुरते. गाडी मेन स्टँडवर, हँडल सरळ. मागच्या टायरच्या पाठीमागच्या टोकाला, जमिनीपासून जमेल तितक्या उंचीवर सुतळी गुंडाळा आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे ताणून न्या. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकली पाहिजे. आता पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सुतळीपासून किती फट राहते ते मोजा. पुढचा टायर बारीक असल्यामुळे फट राहतेच, पण ती दोन्हीकडे सारखी हवी.

सारखी नसेल तर बहुतेक वेळा दोष चेन ताणताना झालेला असतो. चिमट्याच्या दोन्ही टोकांना रेघा असतात. एका बाजूचा नट जास्त आणि दुसरीकडचा कमी आवळला की चाक तिरकं बसतं. चेन ताणून आणल्यावर दोन्ही बाजूंच्या रेघा मोजायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं कराच. रेघा सारख्या असूनही सुतळी फरक दाखवत असेल तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. गाडी आधी पडलेली असेल तर फोर्क पिरगळलेला असू शकतो.

७. बाकी टायर चांगला, पण एकाच जागी टक्कल पडलंय.

बहुतेकदा मागचा ब्रेक दाबून चाक लॉक झालं आणि तेवढा भाग रस्त्यावर घासत गेला. कधी रिम वाकलेली असते. चाक फिरवून एका जागी बोट धरा, रिम जवळ-लांब होताना दिसेल. तारांचं चाक असेल तर तारा आवळून रिम सरळ होते. अलॉयला तडा असेल तर तो वेल्डिंग करून वापरू नका.

८. नक्षी अजून दिसतेय. मग टायर कधी बदलायचा?

नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. भिंतीवरचा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरं दिसली की त्या रेषेत वर बघा, ते सापडतील. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर लागते.

माझं म्हणाल तर कायद्याच्या हद्दीपर्यंत थांबू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तळाला गेलेली खाच पाणी बाहेर टाकू शकत नाही, टायर पाण्यावर सरकतो. उंचवटे जवळ आलेत असं एप्रिल-मे मध्ये दिसलं तर जूनच्या आधी बदला. सर्वांत झिजलेल्या जागेवरून ठरवायचं, उरलेल्या चांगल्या नक्षीवरून नाही.

९. मुलगा पुण्याला असतो, गाडी घरीच उभी असते. नक्षी पूर्ण आहे, तरी टायर बदला म्हणतात. खरं का?

खरं असू शकतं. रबर न वापरताही कडक होतं. भिंतीवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा, आणि दहा वर्षं झालेला टायर कसाही दिसला तरी काढा. नक्षीच्या तळाला किंवा भिंतीवर बारीक चिरा दिसल्या तर वयाची वाट बघू नका. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मेन स्टँडवर ठेवा आणि हवा पूर्ण ठेवा.

नवा टायर घेतानाही हाच आकडा दुकानात वाचा. फार जुना माल हातात दिला तर दुसरा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

१०. टायरवरचे ‘८०/१००-१८ ४७पी’ हे आकडे काय सांगतात?

८० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के, म्हणजे तीही ८० मिलिमीटर. १८ म्हणजे रिम इंचात. ४७ हा वजनाचा क्रमांक, १७५ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालणारा; ‘जे’ अक्षर असेल तर १००, ‘एल’ १२०, ‘एस’ १८०. जुन्या पद्धतीत ‘२.७५-१८’ असं लिहितात, तिथे पहिला आकडा इंचातली रुंदी.

नवा टायर घेताना रिमचा आकडा तोच हवा. वजनाचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरइतकं किंवा त्याहून वरचं घ्या.

११. मी दूध घालायला रोज गावातून शहरात येतो. मागचा टायर सहा महिन्यांत जातो. कुठला घालू?

ही मंडळी पहाटे, पावसात, कच्च्या वाटेने येतात. त्यांच्या टायरवर घरचं पोट आहे, म्हणून हिशेब मांडूनच सांगतो. शंभर सीसीची गाडी साधारण ११२ किलो, तुम्ही ६५, दुधाचे कॅन ८० किलो. एकूण २५७. कॅन मागे असतात, त्यामुळे दोन तृतीयांशापेक्षा जास्त वजन, म्हणजे १८० किलोच्या आसपास, मागच्या चाकावर येतं. ४७ क्रमांकाचा टायर १७५ किलोचा, तोही हवा पूर्ण असेल तर. म्हणजे तुम्ही रोज त्याच्या मर्यादेबाहेर चालवताय.

त्याच मापात ५४ क्रमांकाचा म्हणजे २१२ किलोचा टायर मिळतो का ते विचारा. हवा दोघांसाठीच्या आकड्यावर ठेवा. कॅन दोन्ही बाजूंना सारखे भरा. आणि हे सगळं केलं तरी गाडीची स्वतःची मर्यादा वाढत नाही: चिमटा, शॉकअप, ब्रेक तेच आहेत. वजन आणखी वाढणार असेल तर टायरचा विचार सोडून तीनचाकीचा करा.

१२. एक माप जाड टायर घातला तर चालेल का? दिसतो भारी.

एक पायरी जाड टायर पुष्कळ गाड्यांवर बसतो, पण रिमची रुंदी त्याला पुरली पाहिजे. बारीक रिमवर जाड टायर बसवला की तो चिमटून उभट होतो आणि मध्येच घासतो, म्हणजे प्रश्न १ मधलीच झीज हौसेने ओढवून घेता. शिवाय चेनकव्हरला आणि मडगार्डला घासतो का, तेही बघा. वजन टाकल्यावर बघा. मायलेज थोडं पडतं. माझा सल्ला: मूळ मापच ठेवा आणि तेच पैसे चांगल्या प्रतीच्या टायरला घाला.

१३. तारांच्या चाकाला ट्यूबलेस टायर बसतो का?

टायर बसतो, पण आत ट्यूब घालावीच लागते. तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. ट्यूब टायरच्याच मापाची आणि नवी घ्या.

अलॉय असेल तर ट्यूबलेसच घ्या. उद्यमबाग, मच्छे भागात रस्त्यावर लेथचा लोखंडी कीस पडलेला असतो, तो घुसला की ट्यूब क्षणात बसते. ट्यूबलेसमधून हवा हळू जाते, हँडल सावरायला वेळ मिळतो. मधल्या पट्ट्यातलं पंक्चर निघतं. भिंतीत गेलेल्या खिळ्याला पट्टी मारून चालवू नका.

१४. चोर्ला, अनमोड घाटातून पावसात जावं लागतं. कुठला टायर चांगला?

ब्रँडपेक्षा नक्षी आणि रबर बघा. ओल्या डांबरावर रुंद, सलग, कडेपर्यंत जाणाऱ्या खाचा आणि थोडं मऊ रबर लागतं. मऊ रबर लवकर झिजतं हे मान्य, पण कणकुंबीच्या पुढे धुक्यात वळण घेताना तीच झीज तुम्हाला धरून ठेवते.

बटण टायर, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांचा, शेतवाटेसाठी. खानापूरच्या तांबड्या चिखलात आणि ऊसतोडीच्या दिवसांत रानातून गाडी काढायला तो उपयोगी. चिकोडी, अथणीकडची काळी माती मात्र बारीक बटणांत अडकून बसते. तिथे बटणं लांब-लांब असलेला घ्या. पण डांबरावर बटणाचा स्पर्श कमी, त्यामुळे ओल्या घाटात पकड कमी आणि ठोकळे लवकर तिरके घासतात. दिवसाचे चाळीस किलोमीटर डांबर आणि दोन किलोमीटर शेत असेल तर डांबराचा टायर घ्या.

एमआरएफ, सिएट, टीव्हीएस, अपोलो, जेके सगळ्यांकडे जास्त चालणारे आणि जास्त पकडणारे असे वेगवेगळे प्रकार आहेत. दुकानदाराला नाव न विचारता ‘यातला जास्त पकडीचा कुठला?’ असं विचारा. आयएसआयचा शिक्का असलाच पाहिजे.

१५. एकच टायर बदलला, किंवा पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, तर चालतं का?

चालतं. मागचा टायर पुढच्याच्या आधी जातोच. फक्त एक रेडियल (आतल्या धाग्यांची रचना वेगळी असलेला) आणि एक साधा अशी जोडी गाडीच्या कंपनीने दिलेली नसेल तर करू नका. आणि मागचा अर्धा घासलेला टायर काढून पुढे घालू नका. पुढच्या चाकावर ब्रेक आणि वळण दोन्ही असतं, तिथे उरलंसुरलं चालत नाही. पैसे एकाच टायरपुरते असतील आणि दोन्ही संपत आले असतील, तर मी आधी पुढचा बदलायला सांगतो.

१६. टायर कोल्हापूरला स्वस्त पडतो का?

पूर्वी दोन राज्यांचे कर वेगळे, म्हणून फरक पडायचा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडे एकच आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता फरक उरला तो दुकानदाराच्या सवलतीचा. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या. पुढे उत्पादनाचा दोष निघाला तर बिलाशिवाय कुणी दाद घेत नाही.

१७. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) किंवा जुना वापरलेला टायर घेऊ का?

नको. दुचाकीला दोनच चाकं, एक फाटलं तर सावरायला दुसरं काही नाही.

१८. टायर नवा घातला आणि गाडी घसरतेय. माल खराब आहे?

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले १५०–२०० किलोमीटर हळू कला, जोरात ब्रेक मारू नका. वर ग्रीस किंवा पॉलिश लावलेलं असेल तर साबणाने धुवा. चकाकी येते म्हणून टायरला तेल लावणारे भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा.

भिंतीवरचा बाणही बघा. तो चाक फिरण्याच्या दिशेला हवा. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन बाण असतात. ब्रेकचा आणि इंजिनाचा जोर उलट दिशांनी येतो, म्हणून. उलटा बसला तर लगेच काढून सरळ करून घ्या, त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

१९. हवा, लाइन, कोनसेट सगळं बघितलं. तरी नवा टायर तीन-चार हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तसाच. आता?

दोन शक्यता. एक, गाडी आधी कधीतरी जोरात आदळलीय आणि फ्रेम किंवा फोर्क वाकलाय. सेकंडहँड गाडीत हे जास्त दिसतं. हात सोडल्यावर गाडी एकाच बाजूला ओढते का, ते मोकळ्या मैदानात अगदी हळू तपासा. रस्त्यावर कधीच नको. ओढत असेल तर फ्रेम मोजणाऱ्याकडे न्या, आणि ते होईपर्यंत नवा टायर घेऊ नका.

दुसरी, टायरच सदोष आहे: गोलाई नाही, भिंतीला फुगा आलाय किंवा नक्षीचा तुकडा सुटलाय. मग विकणाऱ्यामार्फत कंपनीकडे दावा करता येतो. उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई ठरते, म्हणून टायर पूर्ण संपायची वाट बघू नका.

२०. फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगेन, पण चार फोटो पाठवा: टायर समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि भिंतीवरच्या आकड्यांचा एक. टायर आधी धुऊन पुसा, चिखलात झीज दिसत नाही. डावी बाजू कुठली ते खडूने लिहा. सोबत हवेचा आकडा, किती किलोमीटर चालला आणि मागे रोज काय वजन असतं, एवढं लिहा.